विश्लेषण : लहान हिमनद्या आणि गोठलेली जमीन डोंगर कसे घडवतात? धरालीचा बोरी बुद्रुकशी काय संबंध?

५ ऑगस्ट २०२५ रोजी उत्तराखंडमधील धराली गावावर खीरगंगेतून आलेला दगड-मातीचा लोंढा कोसळला, तेव्हा आंबेगाव तालुक्यातही अनेक घरांतले फोन खणखणत होते. अवसरी खुर्द येथील १९९० च्या दहावीच्या तुकडीतील २४ जण त्या भागात सहलीला गेले होते आणि त्यांच्याशी संपर्क तुटला होता. ते सर्व सुखरूप असल्याचे नंतर समजले. ही घटना ‘ढगफुटी’ म्हणून सांगितली गेली. पण हा लोंढा नेमका कुठून आला, हा प्रश्न अजून चर्चेत आहे. त्याचे उत्तर शोधायचे तर डोंगरमाथ्यावरच्या लहान हिमनद्या आणि गोठलेली जमीन समजून घ्यावी लागते. बर्फ कधीच न पाहिलेल्या कुकडी खोऱ्यातल्या बोरी बुद्रुकची जमीनही त्याच हवामानबदलाच्या खुणा सांभाळून आहे.

धरालीत नेमके काय घडले?

धराली भागीरथीच्या काठी, गंगोत्रीच्या वाटेवर आहे. गावाशेजारून वाहणारा खीरगंगा हा ओढा ६,००० मीटरहून उंच असलेल्या श्रीकंठ शिखराच्या परिसरातून उतरतो. भारतीय हवामान विभागाच्या व्याख्येनुसार साधारण २० ते ३० चौरस किलोमीटर क्षेत्रात तासाभरात १०० मिलिमीटर पाऊस झाला तर त्याला ढगफुटी म्हणतात. त्या दिवशी जवळच्या नोंदकेंद्रांवर पडलेला पाऊस यापेक्षा फारच कमी होता. त्यामुळे वरच्या भागात हिमनदीने साठवून ठेवलेला दगड-मातीचा ढीग सुटला असावा, अशी शक्यता अनेक भूवैज्ञानिकांनी मांडली. ‘इस्रो’च्या उपग्रहचित्रांत धरालीवर सुमारे २० हेक्टरवर पसरलेला पंख्याच्या आकाराचा गाळ दिसला.

महत्त्वाची बाब अशी की, गाव मुळात अशाच जुन्या पंख्यावर वसलेले होते. येथील कल्पकेदार मंदिराचा बराचसा भाग जमिनीखाली होता. पूर्वी येथे लोंढे आले होते, याची साक्ष गावातच उभी होती.

लहान हिमनदी डोंगर कसा कोरते?

हिमनदी म्हणजे स्वतःच्या वजनाने उताराकडे अतिशय हळू सरकणारा बर्फ. तिच्या तळाशी अडकलेले दगड खालचा खडक खरवडतात, त्यावर ओरखडे उठवतात. डोंगराच्या कुशीत बसलेली लहान हिमनदी आरामखुर्चीसारखा खळगा कोरते. शालेय भूगोलात त्याला हिमगव्हर म्हणतात. दोन बाजूंनी अशी हिमगव्हरे खोल होत गेली की मधला कडा धारदार होतो, त्याला शूककूट म्हणतात. तीन-चार बाजूंनी झीज झाली की सुळक्यासारखे गिरिशृंग उरते.

कोरलेला माल हिमनदी आपल्या कडेला आणि टोकाला साठवत जाते. हा साठा म्हणजे हिमोढ. नदीचा गाळ आकाराप्रमाणे वेगळा होतो, हिमोढात मात्र घराएवढा दगड आणि पिठासारखी माती एकाच ढिगात असते. बर्फ मागे हटला की हा ढीग कोणत्याही आधाराविना तीव्र उतारावर उभा राहतो. पाणी मुरले की तो सुटतो आणि ओढ्यावाटे थेट खाली येतो.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाच्या यादीनुसार भारतीय हिमालयात ९,५७५ हिमनद्या आहेत. त्यातील बहुसंख्य लहान आहेत. गंगोत्रीसारख्या सुमारे ३० किलोमीटर लांबीच्या हिमनदीवर सर्वांचे लक्ष असते. पण गावांच्या थेट डोक्यावर असतात त्या लहान आणि बहुतेक वेळा बिननावाच्या.

गोठलेली जमीन म्हणजे काय?

सलग दोन किंवा अधिक वर्षे शून्य अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमानात राहिलेल्या जमिनीला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. तिच्या वर बर्फ दिसलाच पाहिजे असे नाही. खडकाच्या भेगांत आणि हिमोढातल्या दगडांमध्ये गोठलेले पाणी सिमेंटसारखे काम करते. पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते आणि भेगा रुंदावतात. म्हणजे जे बर्फ खडक फोडते, तेच त्याला धरूनही ठेवते. ते वितळले की फुटलेला खडक सुटा होतो.

७ फेब्रुवारी २०२१ रोजी चमोलीतील रोंटी शिखरावरून सुमारे २.७ कोटी घनमीटर खडक आणि बर्फ कोसळला. त्या दुर्घटनेत २०० हून अधिक जण मृत किंवा बेपत्ता झाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीमच्या दक्षिण ल्होनाक सरोवरात गोठलेल्या हिमोढाचा सुमारे १.४७ कोटी घनमीटर भाग कोसळला. त्याने उठलेल्या लाटेने सरोवर फुटले आणि तिस्तेवरचे चुंगथांग येथील धरण वाहून गेले. दोन्ही ठिकाणी डोंगर हजारो वर्षे आकार घेत होता. माणसांवर आपत्ती आली ती काही मिनिटांत.

बोरी बुद्रुकमध्ये बर्फ नव्हता, मग बदल कसा झाला?

सह्याद्रीत हिमयुगातही हिमनद्या नव्हत्या. आपले सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे. पण सुमारे २० हजार वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात होते, तेव्हा जगभरचे पाणी बर्फात अडकले होते. समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती आणि मोसमी पाऊस दुबळा झाला होता. पाऊस घटला की नदीची गाळ वाहून नेण्याची ताकद कमी होते. कुकडी, घोड, मुळा, प्रवरा यांच्या खोऱ्यांत त्या काळात गाळाचे जाड थर साचले. सुमारे १० हजार वर्षांपूर्वी मोसमी पाऊस पुन्हा जोरदार झाला आणि नद्यांनी तोच गाळ कापत पात्र खोल केले. आज नदीकाठी दिसणाऱ्या उंच मातीच्या दरडी ही त्याची खूण.

कुकडीच्या गाळात बोरी बुद्रुकजवळ ज्वालामुखीच्या राखेचा थर आणि अश्मयुगीन दगडी हत्यारे सापडली. ही राख दख्खनच्या लाव्ह्याची नाही. तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. राखेचा संबंध तीन हजारांहून अधिक किलोमीटरवरील सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीशी जोडला जातो. तिच्या वयाबाबत मात्र मतभेद आहेत. सुरुवातीच्या कालमापनात सुमारे १४ लाख वर्षे, पुढे सुमारे ६.७ लाख वर्षे असे आकडे आले. रासायनिक साधर्म्यावरून काही संशोधकांनी ती ७४ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची मानली. या वयावर हत्यारांचे वय, म्हणजे कुकडीकाठी माणूस कधीपासून वावरतो याचे उत्तर अवलंबून आहे. म्हणूनच ही दरड केवळ मातीचा कडा नव्हे.

हवामान बदलले की आता काय होते?

भागीरथी खोऱ्यातील अभ्यासानुसार सुमारे ६० हजार वर्षांपूर्वी गंगोत्रीचा बर्फ धराली-हर्सिल ओलांडून झालापर्यंत पोहोचला होता. तो मागे हटायला हजारो वर्षे लागली. आताचा वेग वेगळा आहे. ‘इसीमोड’ या संस्थेच्या २०२३ च्या अहवालानुसार हिंदुकुश-हिमालयातील हिमनद्या २०११ ते २०२० या दशकात त्याआधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के अधिक वेगाने घटल्या. संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे हिमनदी संवर्धनाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले, त्यामागे हीच चिंता होती.

लहान हिमनद्या आधी संपतात आणि मागे सैल हिमोढ उरतो. म्हणजे बर्फ संपल्यावर धोका लगेच संपत नाही, काही काळ तो वाढतो.

जुन्नर-आंबेगावने यातून काय घ्यावे?

३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीणवर डोंगर कोसळला आणि १५१ जणांचा बळी गेला. तेथे बर्फ नव्हता. मुसळधार पावसाने भिजलेली, झिजलेल्या खडकावरची माती घसरली. कारण वेगळे असले तरी तत्त्व एकच : तीव्र उतारावर सुटा माल आणि त्यात मुरलेले पाणी.

चारधामला जाणाऱ्यांनी ओढ्याच्या मुखाशी, पंख्यासारख्या पसरट सपाटीवर असलेला मुक्काम पावसाळ्यात टाळावा. जागा सपाट आणि सुंदर दिसते, कारण ती लोंढ्यांनीच तयार केलेली असते. आपल्याकडे डोंगरउतारावर नव्या भेगा पडणे, झाडे-खांब कलणे, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ होणे ही लक्षणे दिसली की घर सोडून तातडीने प्रशासनाला कळवावे. आणि बोरी बुद्रुकच्या काठावरची दरड खोदण्याआधी, तिथे माती काढण्याआधी विचार व्हावा. थर एकदा उकरला की त्याचे वय पुन्हा मोजता येत नाही.