अंगठा उठवण्यापूर्वी



गुडघे धरले, डोळ्यांना दिसेनासे झाले, की घरात विषय निघतोच : “आबा, तुम्ही कशाला हेलपाटे घालता? मुखत्यारपत्र करून द्या, बाकीचं आम्ही बघतो.” यात गैर काही नाही. पण ‘बाकीचं’ म्हणजे नेमके काय, हे विचारल्याशिवाय अंगठा उठवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

खास मुखत्यारपत्रात ठराविक कामापुरताच अधिकार असतो. कुलमुखत्यारपत्रात अनेक कामे येतात. जमीन विकण्याचा, गहाण ठेवण्याचा अधिकार त्यात लिहिला असेल तर तोही दिला जातो. उसाची नोंद करणे नि बिल आणणे एवढेच काम असेल, तर तेवढेच लिहून द्यावे. घागरभर पाण्यासाठी मोट कशाला जोडायची?

मुखत्यार निवडताना कचेरीत कोण पटाईत ते पाहू नका. हिशेब कोण देतो ते पाहा. मागितल्यावर हिशेब देणे हे १८७२ च्या करार कायद्याने त्याचे कर्तव्यच आहे. ज्याचे तुम्ही देणे लागता किंवा ज्याचा तुमच्या बांधावर डोळा आहे, त्याला तर मुळीच नेमू नका. मुखत्याराचाच हितसंबंध त्या मालमत्तेत गुंतला असेल, तर पत्र रद्द करणेही अवघड होते.

एरवी विश्वास उडाला तर मुखत्यारपत्र रद्द करता येते. मात्र बँकेला, कारखान्याला तसे लेखी कळवा. ज्यांना रद्द झाल्याचे ठाऊक नाही, त्यांच्या लेखी जुना अधिकार चालूच राहतो.

आणखी एक. देणारा वारला किंवा त्याची बुद्धी भ्रमिष्ट झाली, की सामान्यतः मुखत्यारी संपते. वडील गेल्यावर त्याच कागदावर बिल उचलणे चुकीचे. शेअर्ससाठी वारसाचे नामनिर्देशन वेगळे करून ठेवावे. नुसत्या कुलमुखत्यारपत्राने जमिनीची मालकी बदलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले आहे. आणि सहकारी कायद्यात प्रॉक्सी नाही. सभासदाने आपले मत स्वतःच द्यायचे.

काही आयाबहिणींना वाटते, पोटच्या पोराला किंवा दिराला कागद वाचून दाखव कसे म्हणायचे? राग येईल. आम्ही म्हणतो, येऊ द्या. वजनकाट्यावर गाडी गेली की पावती आपण मागतोच. त्यात काटेवाल्याचा अपमान नसतो. कागद मराठीत करून घ्या, मोठ्याने वाचून घ्या, एक नक्कल आपल्या पेटीत ठेवा. कोऱ्या मुद्रांकावर मात्र सही-अंगठा कोणालाही देऊ नका, पोराला सुद्धा नाही.