फेरारी आंबा घाटात आली तर?

काय दोस्तांनो, गाड्यांचे ट्रम्प कार्ड कधी खेळलात का? नसाल तर आई-बाबांना विचारा, ते नक्की खेळलेत. ज्याच्या हातात फेरारी, तो राजा! वेग म्हणा, सीसी म्हणा, सिलिंडर म्हणा, समोरच्याचं पान आपल्याकडे. त्या पानांवर एक रकाना मात्र मला कधी दिसला नाही. गाडीचं पोट जमिनीपासून किती उंच? तो असता, तर रत्नागिरीतल्या एखाद्या अंगणात, फणसाखाली उभी असलेली घरगुती गाडी फेरारीला सहज हरवून गेली असती. आज आपण त्या एकाच रकान्याच्या मागे लागू या.

तुलनेसाठी दोन खऱ्या गाड्या घेऊ. पहिली, अर्थातच, सचिनची! कसोटी क्रिकेटमध्ये २९ शतकं करून सचिन तेंडुलकरने सर डॉन ब्रॅडमन यांची बरोबरी केली, म्हणून २००२ साली फियाट कंपनीने त्याला फेरारी ३६० मोडेना भेट दिली. तीही मोटारशर्यतींचा राजा मायकेल शूमाकर याच्या हस्ते. सचिनने ती २०११ मध्ये विकली, पण ‘फेरारी की सवारी’ या २०१२ च्या चित्रपटामुळे ती अजून घराघरांत ओळखीची आहे. दुसरी गाडी आपल्या पुण्याजवळच्या रांजणगावची, टाटा नेक्सॉन. ही २०१७ पासून रस्त्यावर आहे. तुमच्या गल्लीत एक तरी असेलच.

आधी पटकन आकडे. फेरारीचं इंजिन आठ सिलिंडरचं, ३५८६ सीसी, ताकद ४०० अश्वशक्ती. शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग साडेचार सेकंदांत. पेट्रोलवरच्या नेक्सॉनचं इंजिन तीन सिलिंडरचं, ११९९ सीसी, ताकद सुमारे १२० अश्वशक्ती. गंमत म्हणजे दोघींच्या वजनात फारसा फरक नाही. म्हणजे असं बघा, फेरारीच्या एका घोड्याच्या वाट्याला जेमतेम साडेतीन किलो वजन येतं, नेक्सॉनच्या घोड्याच्या वाट्याला दहा किलो. फेरारी पुढे पळणार, यात नवल ते काय!

आता उंची. फेरारी छतापर्यंत फक्त १२१ सेंटीमीटर. पाचवीतल्या मुलाला तिच्या छतावरून पलीकडचं दिसेल. नेक्सॉन १६० सेंटीमीटरच्या आसपास, आणि तिचं पोट जमिनीपासून सुमारे २१ सेंटीमीटर वर. फेरारी इतकी बसकी का? फॅशन म्हणून नव्हे हं. तिच्या पोटाखालची जागा अशी घडवलेली असते, की तिथून वेगाने जाणारी हवा गाडीला रस्त्याकडे ओढून धरते. पोट उचललंत, की ती जादू संपली.

दुसरं कारण घरी करून पाहा. एक काडेपेटी पाटावर आडवी ठेवा, दुसरी उभी. पाट सरकवा आणि झटकन थांबवा. उभी कोलमडते, आडवी जागची फारशी हलत नाही. वजन जितकं खाली, तितकी वळणावर गाडी ठाम. तेव्हा साखरप्याहून वर आंबा घाटात, कोरड्या रस्त्यावर, रिकाम्या वळणांवर फेरारी नेक्सॉनपेक्षा सरसच ठरेल. तिचे ब्रेक मोठे, टायर रुंद, थांबेलही आधी. उगीच आपल्या गाडीची बाजू घ्यायची म्हणून हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण घाटापर्यंत पोचायचं कसं? वाटेत गावं लागतात, आणि गावं म्हटली की गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था रस्त्यांची मापं ठरवते. तिच्या मापाचा गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३ मीटर ७० सेंटीमीटर रुंद, म्हणजे लांबलचक, गुळगुळीत फुगवटा. ताशी २५ ने जा, काही होणार नाही. आणि आपल्याकडे बनतात ते? टोपल्या ओतून केलेले उंच वरवंटे! त्यावर फेरारीचं पुढचं नाक घासणार नाहीतर पोट टेकणार. शिवाय तिच्यात जागा दोनच. आजी, धाकटी बहीण आणि आंब्याच्या पेट्या कुठे ठेवायच्या? इंजिनावर? ते तर पाठीमागेच, काचेखाली बसलेलं असतं.

म्हणून क्रॉसओव्हर नावाचा प्रकार आला. वडापच्या जुन्या जीपला खाली लोखंडी सांगाडा असतो आणि त्यावर डबा बसवलेला असतो. क्रॉसओव्हरचं अंग मात्र मोटारीसारखं एकसंध असतं, फक्त उंची जीपसारखी. दिसते जीप, पण स्वभाव मोटारीचा. नेक्सॉनची तर पुढचीच दोन चाकं गाडी ओढतात. हे विसरलं की काय होतं, ते कोकणातल्या किनाऱ्यांवर दिसतं. पर्यटक हौसेने गाडी वाळूत घालतात, ती रुतते, भरती चढू लागते, आणि मग गावकरी दोर घेऊन धावतात.

उंचीची आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आई-बाबांनीही वाचावी. आपण जितके उंच बसतो, तितकी जमीन हळू सरकताना दिसते. विमान ताशी ८०० किलोमीटरने जातं, पण खिडकीतून शेतं रांगत असल्यासारखी दिसतात. फेरारीत बसलेल्याला रस्ता डोळ्यांखालून सणसणत जाताना दिसतो, ६० चा वेगही ९० वाटतो. उंच गाडीत उलटं! आत गार हवा, गाणी चालू, आणि काटा १०० वर गेल्याचा पत्ताच नाही. आणि गाडी तर वळणावर उभ्या काडेपेटीच्या जातीची. महामार्गाचे चौपदरी तुकडे झाल्यापासून हा मोह वाढला आहे. त्यात आपला पाऊस! रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पडतो.

आता तुम्ही म्हणाल, “आमची गाडी पाच तारेवाली आहे!” खरंय. २०१८ च्या डिसेंबरमध्ये ‘ग्लोबल एनकॅप’च्या धडक चाचणीत मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पूर्ण पाच तारे मिळवणारी नेक्सॉन ही भारतात बनलेली पहिली गाडी. लहान मुलांसाठी तेव्हा तीनच तारे होते. २०२४ मध्ये नव्या नेक्सॉनला दोन्हींत पाच मिळाले. अभिमानाचीच गोष्ट आहे. पण समोरून धडक देण्याची ती चाचणी होते ताशी ६४ किलोमीटरला. वेगाचं गणित मोठं तिरपागडं असतं. वेग दुप्पट, तर धडकेचा जोर चौपट. ६४ ची धडक म्हणजे १६ मीटरवरून, अंदाजे पाचव्या मजल्यावरून पडणं. १०० ची धडक म्हणजे ३९ मीटर, तेरावा मजला! चाचणीतल्या बाहुल्यांना पट्टे बांधलेले असतात आणि छोट्या बाहुल्या लहान मुलांच्या खास आसनात बसवलेल्या असतात. गणपतीला मुंबईहून येताना मावशीच्या मांडीवर झोपलेल्या बाळासाठी ते तारे नाहीत. मागच्या सीटवर बसणाऱ्यांनीही पट्टा लावायचा असतो, बरं का. आजीला कसा लावायचा ते तुम्ही शिकवा.

ब्रेकचंही तसंच. समोर म्हैस दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद धरा. ताशी १०० ने जाणारी गाडी तेवढ्यात २८ मीटर पुढे गेलेली असते, फेरारी असो की नेक्सॉन. कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी पन्नासेक मीटर. ओल्यावर त्याच्या दुप्पटही लागू शकतात.

आता तुमच्यासाठी काम. पुढच्या प्रवासात एकदा रिक्षात आणि एकदा एस.टी.च्या पुढच्या सीटवर बसून वेगाचा अंदाज करा, कुठे जास्त चुकता ते पाहा. मग घड्याळ काढा. किलोमीटरचा एक दगड गेला की सेकंद मोजायला लागा, पुढचा दगड आला की थांबा. ३६०० ला त्या सेकंदांनी भागा, की झाला तुमचा ताशी वेग. ६० सेकंद लागले तर ६०, ४५ लागले तर ८०, ३६ लागले तर १००. पाच दगडांचे आकडे आणि तुमचे अंदाज शेजारी शेजारी लिहून आमच्याकडे पाठवा. हातखंब्यापासून पालीपर्यंतचे असतील तर फारच छान!