काच पुसा, पण आधी स्क्रू पाहा!

दिवाळी जवळ आली की घरातला प्रत्येक डबा, प्रत्येक फडताळ आणि प्रत्येक माणूस आपापल्या जागेवरून हलतो. पूर्वी या साफसफाईत काच म्हणजे आरसा, देवांच्या तसबिरी आणि कंदिलाची काच, एवढाच पसारा असे. ज्या घरी ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील असे, तिथे त्याची काच राखेने पुसण्याचे काम बहुधा घरातल्या धाकट्याच्या वाट्याला येई. आता काच उंबरठा ओलांडून बाहेर आली आहे. परभणीच्या नव्या वसाहतींतून एक फेरफटका मारा. गच्चीला काचेचा कठडा, सज्जाला काचेचा कठडा, कुठे कुठे तर अंगणाच्या भिंतीवरही काचेची तावदाने! कारागीर त्याला ‘रेलिंग’ म्हणतात. आपण कठडाच म्हणू. कारण कठडा शब्द उच्चारला की तो कशासाठी असतो, हे आपोआप ध्यानात येते. शोभा नंतर, आधी घरातले पोर खाली पडू नये म्हणून.

प्रथम राखेविषयी. कंदिलाच्या काचेला ती चालून गेली, कारण ती काच स्वस्त आणि सहज बदलता येणारी होती. कठड्याची काच ६०० अंश सेल्सियसच्या वर तापवून, मग वाऱ्याच्या झोताने झटकन थंड करून कणखर केलेली असते. एकदा अशी केली की ती पुन्हा कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही. राखेने, भांड्याच्या भुकटीने किंवा तारेच्या घासणीने पडलेला ओरखडा म्हणून जन्मभर सोबत करतो.

आता पाण्याचे. शेजारच्या वहिनींनी परवा विचारले, “भाऊजी, रोज पुसते, तरी हे पांढरे ठिपके काही जाईनात. काच हलक्या प्रतीची निघाली का हो?”

“वहिनी, काचेचा दोष नाही. पाणी बोअरचं ना तुमचं?”

“मग? दुसरं कुठून आणू?”

खरे आहे. आपल्याकडचे बोअरचे पाणी काळ्या पाषाणाच्या भेगांतून येते आणि बरेचदा चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येते. उन्हात तापलेल्या काचेवर ते शिंपडले की पाणी उडून जाते आणि क्षार तिथेच ठाण मांडतात. तेव्हा काच धुवायची ती सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. आधी भरपूर पाणी ओतून धूळ वाहून जाऊ द्यावी. कोरड्या फडक्याने धूळ पुसणे म्हणजे काच घासणेच. मग बादलीभर पाण्यात भांड्याच्या पातळ साबणाचे चार थेंब टाकून जुन्या सुती साडीच्या मऊ तुकड्याने वरून खाली पुसावे. शेवटी रबरी वायपर फिरवून पाणी निपटावे. पाणी काचेवर वाळू न देणे, हेच खरे गुपित.

जुने डाग असतील तर निम्मे पाणी, निम्मे व्हिनेगर घेऊन त्यात फडके भिजवावे, ते डागावर दहा मिनिटे चिकटवून ठेवावे आणि मग स्वच्छ धुवावे. मात्र खाली शहाबादी फरशी असेल तर तिच्यावर आधी प्लास्टिक अंथरा. शहाबादी दगड चुनखडीचाच. जो आंबटपणा डाग खातो, तो फरशीही खातो!

दिवाळीच्या रंगरंगोटीचे संकट वेगळेच. रंगारी भिंत रंगवतो आणि काचेवर चुन्याचे, सिमेंटचे शिंतोडे उडवतो. हे शिंतोडे राहिले तर काचेचा पृष्ठभाग खातात. म्हणून काम सुरू होण्यापूर्वी काच झाकावी. शिंतोडा उडालाच तर ओला असतानाच पुसावा. वाळल्यावर पात्याने खरवडू नये.

आता मुख्य गोष्ट. काच लखलखीत झाली की आपण हात झटकतो. पण कठड्यावर रेललेल्या माणसाचा भार शेवटी पेलतात ते खांब, चिमटे, स्क्रू आणि खालची पन्हळ. त्यांच्याकडे कोण पाहतो?

न गंजणाऱ्या पोलादाचा शोध १९१३ साली इंग्लंडातल्या शेफील्ड गावी हॅरी ब्रिअर्ली यांनी लावला. त्यातल्या क्रोमियममुळे धातूवर एक अदृश्य पापुद्रा धरतो आणि गंजाला अडवतो. बाथरूम धुण्याचे अॅसिड हा पापुद्रा खाऊन टाकते. म्हणून ते अॅसिड कठड्याच्या आसपासही नको. बाजारात २०२ आणि ३०४ अशा दोन जातींचे स्टील मिळते. बाहेरच्या कामाला ३०४ बरे. लोहचुंबक लावून प्रत ओळखण्याची युक्ती पुष्कळजण सांगतात, पण चुंबकाला या दोन्ही जाती जवळपास सारख्याच. बिलावरच जात लिहून घ्यावी, हे उत्तम.

शिवाय आपल्या जिल्ह्याची काळी माती! कापसाला ती माउली, पण बांधकामाला सासू. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावरची कुंपणाची भिंत केसभर इकडची तिकडे होते. भिंत हलली की चिमट्यातली काच आवळली जाते, स्क्रू सैल पडतात. त्यातून उन्हाळ्याच्या झळांनी मधले रबर कडक होऊन तडकते. रबर गेले की काच धातूला टेकते आणि कोपऱ्याला टवका उडतो. अशा काचेला घाव सोसतो तो मधोमध, कडेला नाही.

म्हणून पावसाळा सरल्यावरची दिवाळी हीच तपासणीची वेळ. प्रत्येक तावदान तळहाताने हलकेच दाबून पाहा. डुगडुगता कामा नये. रबर जागेवर आहे ना, कडेला टवका नाही ना, पन्हळीची पाणी जाण्याची भोके तुंबली नाहीत ना, हे पाहा. सैल स्क्रू आपणच पिळून आवळू नका. अति आवळल्यानेही काच फुटते. कारागिराला बोलवा, आणि तोवर त्या बाजूला मुलांना फिरकू देऊ नका.

आणखी एक. काचेची कड नीट न्याहाळा. दोन काचा आणि मध्ये पातळ पडदा दिसला तर फुटली तरी ती बहुधा जागेवर धरून राहील. एकच जाड काच असेल तर फुटताक्षणी तिचा चुरा होईल आणि कठड्याच्या जागी उघडे आकाश उरेल. उंचावरच्या गच्चीला दुपदरीच काच हवी. नवे घर बांधणाऱ्यांनी हे आधीच ठरवावे.

पणत्या काचेला टेकवून ठेवू नका. मधल्या पडद्याला आच सोसत नाही. फटाक्यांच्या धुरातले क्षार स्टीलवर बसतात, तेव्हा पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी कठड्यावरून ओले फडके फिरवा. भाऊबिजेला घर भाच्यांनी भरेल आणि सारी बाळगोपाळ मंडळी गच्चीवर धावतील. काचेवर त्यांच्या दहा बोटांचे ठसे उमटतील. ते खुशाल उमटू द्या. ठसे पुसता येतात.