पीटा की गेल? केटनिसला विचारले कोणी?

शाळेतल्या मोठ्या मुलांमध्ये ‘हंगर गेम्स’ची तीन पुस्तके अजून हातोहात फिरतात. वाचून झाली की वाद एकच: पीटा चांगला की गेल? पालकांचे मतही ठरलेले. आधीच एवढी मारामारी, त्यात वर एक मुलगी आणि दोन मुलगे हे लचांड कशाला? मला हे लचांड पटले, बरेचसे पटले, आणि का ते सांगतो. (शेवट आधी कळायला नको असेल त्यांनी हे पान घडी करून ठेवावे.)

न वाचलेल्यांसाठी थोडक्यात. सुझान कॉलिन्स यांचे हे तीन भाग २००८, २००९ आणि २०१० साली आले. पॅनेम नावाचा देश. राजधानी ऐषारामात आणि बारा जिल्हे तिच्यासाठी राबणारे. दर वर्षी प्रत्येक जिल्ह्यातून एक मुलगा व एक मुलगी चिठ्ठी काढून निवडतात आणि एकच जिवंत उरेपर्यंत त्यांना लढवतात. सगळ्या देशाने ते टीव्हीवर बघायचे. केटनिस १६ वर्षांची, कोळशाच्या खाणींच्या बाराव्या जिल्ह्यातली. तिचे वडील खाणीतल्या स्फोटात गेले. तिच्याबरोबर चोरून शिकार करणाऱ्या गेलचे वडीलही त्याच स्फोटात गेले. पीटा हा बेकरीवाल्याचा मुलगा. तिच्याबरोबर निवडला जातो तो हा.

आता थोडे गणित. घरात धान्य-तेल हवे असेल तर मुलांनी आपल्या नावाची जादा चिठ्ठी घालायची; एका माणसाच्या वर्षाच्या तुटपुंज्या शिध्याला एक चिठ्ठी. त्या वर्षानुवर्षे साठत जातात. केटनिसच्या नावाच्या २०, तर पाच जणांचे घर सांभाळणाऱ्या १८ वर्षांच्या गेलच्या ४२. मुलांनो, करून बघा: सात वर्षांच्या सक्तीच्या ७ आणि शिध्याच्या ३५. बरोबर जमते. (गणित चुकलेली कादंबरी मी पुढे वाचू शकत नाही, हा धंद्याचा दोष.) अशा घरातली मुलगी पहिल्याच प्रकरणात सांगून टाकते की मला मुलेबाळे कधीच नकोत. ती काय ‘मला कोण आवडतो’ याचा विचार करत बसणार? तिला सवडच नाही. लेखिकेला हे नीट कळले आहे, म्हणून गोष्ट खरी वाटते.

प्रेमाची सुरुवात होते तीही टीव्हीवर. पीटा मुलाखतीत सगळ्या देशासमोर सांगतो की माझे हिच्यावर प्रेम आहे. तो खरे बोलत असतो, तिला मात्र तो डावपेच वाटतो. पुढे गुहेत जखमी पीटाची ती पापी घेते (मुले वाचतात, म्हणून सांभाळून लिहितो) आणि लगेच पॅराशूटने गरम सूपचे भांडे येते. निरोप स्पष्ट: प्रेम दाखवा, जेवण मिळेल. मग खरे किती आणि सुपासाठी किती, हे तिचे तिलाच कळेनासे होते. आमच्याकडे चालू प्रोग्राममध्ये डोकावले की कधी कधी त्याचे वागणेच बदलते, तसा हा प्रकार. बघणारा असला की मोजमाप बिघडते. दुसऱ्या भागात तर राष्ट्राध्यक्ष स्नो तिच्या घरी येऊन धमकावतो की हे प्रेम लोकांना पटवून दे. म्हणजे हा त्रिकोण पटणारा आहे का, हा प्रश्न आपण विचारण्याआधी पुस्तकातच विचारलेला आहे, आणि उत्तर चुकले तर माणसे मरणार आहेत. तरीही हाच भाग मला सैल वाटला. आज याच्याबद्दल अपराधी वाटणे, उद्या त्याच्याबद्दल, असे बरेच झोके आहेत.

आमची पिढी त्रिकोण शिकली ती हिंदी सिनेमात. ‘संगम’ (१९६४) आठवा. गोपाळ मित्रासाठी त्याग करतो, सगळे डोळे पुसतात, पण राधाला आधी विचारावे असे कोणाला वाटत नाही. ‘साजन’मध्ये (१९९१) त्यागाचीच चढाओढ. कॉलिन्सबाईंच्या तिसऱ्या भागात तळघरात पीटा आणि गेल असेच आपापसात बोलतात, की ही शेवटी कोणाला निवडेल? गेल म्हणतो, ज्याच्यावाचून जगता येणार नाही असे तिला वाटेल, त्याला. केटनिस जागी असते, सगळे ऐकते आणि तिला राग येतो. राधाला असा राग आलेला बघायला मला आवडले असते.

आणि गेल. त्याची बाजू घेणारी मुले म्हणतात, लेखिकेने त्याला मुद्दाम वाईट ठरवले. मला तसे वाटत नाही. दुसऱ्या जिल्ह्यात शत्रूने डोंगरात ठाणे केले आहे. गेल सुचवतो, कडे कोसळवून आतल्या माणसांना गाडून टाकू. ज्याचे वडील खाणीत गेले तो हे सुचवतो आणि जिचे वडील त्याच खाणीत गेले ती ऐकत असते. दोघांचे तिथेच संपते. शिकारीचे फासे लावण्यात तो हुशार, पुढे तीच हुशारी तो बॉम्बला लावतो: एक स्फोट, मग मदतीला माणसे धावून आली की दुसरा. अशाच बॉम्बने केटनिसची धाकटी बहीण प्रिम मरते. तो त्याचाच होता का, हे त्यालाही सांगता येत नाही. आपल्या शाळेत निम्म्या मुलांचे आई-वडील इंजिनियर आहेत, म्हणून लिहितो: गेल दुष्ट नाही. त्याला दिलेले काम तो उत्तम करतो. मला तो ओळखीचा वाटला आणि त्यामुळे जास्त भीती वाटली.

याउलट अ‍ॅली काँडी यांचे ‘मॅच्ड’ (२०१०) घ्या. तिथे सरकारच आकडेमोड करून जोड्या जुळवते. पत्रिका जुळवून लग्न झालेल्या आम्हां पालकांना यात खरे तर खूप खाद्य. पण झँडर इतका गुणी, आणि कॅसियाचे मन कायकडे इतक्या लवकर वळते, की त्रिकोणाची एक बाजू पहिल्यापासून लटकीच राहते.

एक तक्रार मात्र आहेच. तीन पुस्तके सोबत केलेल्या गेलला शेवटी दुसऱ्या जिल्ह्यात मोठी नोकरी लागल्याचे दोन ओळींत कळते आणि तो गायब. तो स्वतःला माफ करू शकला का, हे मला वाचायचे होते. माझ्या मुलीचे म्हणणे, बाबा, केटनिस सांगतेय ना गोष्ट, तिला त्याच्याबद्दल बोलायचेच नसेल. मुद्दा बरा आहे, पण मला पूर्ण पटलेला नाही. गेलच्या बाजूने कोणाला लिहायचे असेल तर पुढच्या अंकासाठी अर्धे पान ठेवायला सांगतो. मराठीतून लिहायचे, शुद्धलेखन आम्ही बघून घेऊ.