परळीचा धूर आणि मुदतवाढीचे राज्य

पंचशीलातील पहिले शील प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे आहे. दीक्षा घेतलेल्या आपल्या घरांत ते नित्य उच्चारले जाते. परंतु हिंसा केवळ शस्त्रानेच होते असे नाही. श्वासावाटे कणाकणाने होणारी हिंसाही हिंसाच होय. आणि ती सरकारी कागदाच्या आधाराने होत असेल, तर त्या कागदाची चिकित्सा करणे हे उपासकाचे कर्तव्य ठरते.

आपल्या बीड जिल्ह्यात परळी वैजनाथ येथे 1971 पासून कोळशावर वीज निर्माण होते. 1981 च्या हवा प्रदूषण अधिनियमाप्रमाणे अशा उद्योगास महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतिपत्र लागते. ज्यांना ठरलेली मर्यादा अद्याप पाळता येत नाही, त्यांनाही अटी घालून, प्रसंगी बँक हमी घेऊन, संमती दिली जाते. तत्त्वतः यात गैर नाही. यंत्रे बसविण्यास अवधी लागतोच. पण अवधीला अंत नसेल, तर ती सवलत राहत नाही. तो विशेषाधिकार होतो.

पुढील इतिहास पाहा. केंद्र सरकारने 7 डिसेंबर 2015 रोजी औष्णिक केंद्रांसाठी नव्या मर्यादा ठरवून दोन वर्षांची मुदत दिली. ती 2022 पर्यंत लांबली. नंतर 2021, 2022 व 2024 मध्ये पुनः पुनः वाढली. शेवटी 11 जुलै 2025 रोजी, मोठ्या व अतिप्रदूषित शहरांच्या परिसरात नसलेल्या केंद्रांना, चिमणीच्या उंचीची अट घालून, गंधकाच्या धुराच्या मर्यादेतून मुक्तच करण्यात आले. उंच चिमणी विष नाहीसे करीत नाही, दूरवर पसरविते. शेतमजुराचा कर्जाचा हप्ता चुकला तर जप्ती येते. उद्योगाची मुदत चुकली तर नवी मुदत येते. हा कसला समान न्याय? महानगराजवळच्या माणसाचे फुप्फुस आणि खेड्यातल्या माणसाचे फुप्फुस यांची किंमत वेगळी कशी?

आपण विजेचे वैरी नाही. बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना विजेचे धोरण त्यांच्याच खात्याकडे होते. कंत्राटी मजुरांत आपलेही बांधव आहेत. केंद्र बंद पाडा, असे कोणी म्हणू नये. परंतु पोटासाठी छाती गहाण ठेवावी लागणे ही रोजी नव्हे, वेठ आहे.

मग करावे काय? गंधकाची सूट मिळाली, तरी धूलिकणांची मर्यादा आणि राखेची योग्य विल्हेवाट लावण्याचे बंधन कायम आहे. माहिती अधिकाराखाली संमतिपत्राची व तपासणी अहवालाची प्रत मागा. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. विहारात रविवारी ते कागद मोठ्याने वाचा. अट मोडलेली दिसली, तर मंडळाकडे लेखी तक्रार करून पोच घ्या. दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पुणे येथील पीठ आहे. मात्र वादाचे कारण उद्भवल्यापासून सहा महिन्यांची मुदत विसरू नका. आपल्याला मुदतवाढ सहजी मिळत नसते!

1927 साली महाडला आपल्या वडीलधाऱ्यांनी सार्वजनिक तळ्यावरचा हक्क बजावला. हवा तर तळ्याहूनही सार्वजनिक आहे. तिच्यावरील हक्क मागून नव्हे, बजावूनच मिळेल.

जय भीम!