फ्लेअर म्हणजे फील नव्हे!

परवा ग्रुपवर एका मित्राने सिद्धेश्वर तळ्याचा सूर्यास्त टाकला. देवळाच्या शिखराशेजारी एक हिरवा ठिपका, पाण्यावर जांभळ्या चकत्यांची माळ, आणि मागचा भुईकोट किल्ला... तो पांढुरक्या धुरकटात गायब. खाली बदामांचा पाऊस. "कसला फील आलाय बे!"

अरे, फील कसला? भजी खाऊन तसाच मोबाईल काढलास, त्या बोटांचं तेल आहे ते.

मला हा प्रकार मनापासून खटकतो. फ्लेअर म्हणजे लेन्सच्या आत वाट चुकलेला उजेड. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के प्रकाश परत फिरतो. लेन्समध्ये अशी २४ पृष्ठं धरा, म्हणजे दोनदा आपटून सेन्सरवर येण्याच्या २७६ वाटा झाल्या! १९३५ साली झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुलाने कोटिंग शोधलं ते हाच उजेड मारायला. इतकी वर्षं इंजिनिअर लोक तो कमी करत आलेत, आणि आपण अ‍ॅपमधून तो वर चिकटवतो. जे. जे. अब्राम्सने २००९ च्या 'स्टार ट्रेक'मध्ये फ्लेअरचा असा मारा केला, की पुढे त्याने स्वतःच अति झाल्याचं कबूल केलं. आपले लोक मात्र अजून तिथेच!

"पण सोलापूरला कसली आलीय स्कायलाइन?" हे पुण्यातल्या ऑफिसमधलं ठरलेलं वाक्य. आहे की! सपाट माळावरचं गाव, त्यात देवळाचं शिखर, किल्ल्याचे बुरूज, मिनार, गिरण्यांच्या चिमण्या. सगळ्या बारीक, काळसर उभ्या रेघा. हिरवा ठिपका पुसता येतो हो. पण फ्लेअरचं ते दुधाळ पटल सगळ्यात आधी या रेघाच खातं. "एआय काढून देतो की" असंही सांगतात. काढतो ना. पण जो डेटा सेन्सरवर धड उतरलाच नाही, तिथे तो अंदाजाने चिमणी रंगवतो. ती आपली चिमणी नव्हे.

एवढा का चिडलोय ते सांगतो. सिद्धेश्वर साखर कारखान्याची उंच चिमणी १५ जून २०२३ ला पाडली. विमानतळाच्या आड येत होती. (पाडावी की नको यावरून गावात दोन तट होते, मी त्यात पडत नाही. विमानं आता उडतात, आणि मी अजून हुतात्मानेच येतो.) त्या चिमणीचा माझ्याकडे सूर्यास्ताचा एकच फोटो आहे. अक्कलकोट रोडवरून, डिसेंबरातला, ऐटीत यूव्ही फिल्टर लावून काढलेला. चिमणीचा वरचा अर्धा भाग जिथे हवा, तिथे एक भला मोठा हिरवा भोपळा आहे. तेव्हा मीही "काय फील आलाय" म्हणालो होतो.

आणि टाळायला लागतं काय? लेन्स सुती कापडाने पुसा. फिल्टर काढा. सूर्य चौकटीबाहेर असेल तर टोपीची सावली लेन्सवर धरा. सूर्य चौकटीतच असेल तर हूड असून नसून सारखं. मग पाऊलभर सरका. सूर्याचा व्यास आकाशात जेमतेम अर्धा अंश, शिखरामागे सहज लपतो. कॅमेरा थोडा फिरवला की चकत्याही हलतात, कारण त्या सूर्यापासून चौकटीच्या मध्यातून जाणाऱ्या रेषेवर बसतात. त्यांना मोकळ्या आकाशात ढकला, बुरुजावर नको. ट्रायपॉड असेल तर दोन फोटो घ्या, एक तसाच, दुसरा सूर्यावर बोट धरून. खालचं गाव दुसऱ्यातून घ्या. नाहीतर सरळ थांबा. सूर्य बुडाल्यावर दहा मिनिटांनी फ्लेअरचं कारणच उरत नाही, आणि आकाश तेव्हाच खरं रंगतं. पण तोवर आपण पार्क चौकात पोचलेलो असतो.

अजून एक. सोलापुरात मावळतीची जागा जून ते डिसेंबर जवळजवळ ४९ अंश सरकते. म्हणजे कुठल्या काठावरून, कुठल्या आठवड्यात सूर्य नेमका शिखरामागे जाईल हे घरबसल्या काढता येतं. दिवसभर एक्सेल बडवणाऱ्यांना हे अवघड नसावं.

येत्या डिसेंबरात अक्कलकोट रोडवर त्याच जागी उभा राहून पाहणार आहे. सूर्य तिथेच येईल. लेन्स या वेळी पुसलेली असेल.