चहा कुणाकडं?



मागच्या पालकसभेत आठवीतल्या एका मुलाच्या आईने आम्हाला थांबवून विचारले, "सर, हा दिवसभर मित्रांशी फुटबॉलवरच बोलत असतो. अभ्यासाचं नाही, दीनचं नाही, कामाचं नाही. ह्या बोलण्यातून मिळतं तरी काय?" आम्ही त्या वेळी हसून "वय आहे ते" एवढेच म्हणालो. घरी आल्यावर मात्र प्रश्न मनातून जाईना, कारण आम्ही स्वतः गेली दहा-बारा वर्षे हेच करत आलो आहोत.

आमचे कोल्हापूर फुटबॉलवेडे आहे, हे बाहेरगावच्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. कुस्तीसाठी उभ्या राहिलेल्या तालमींनी इथे फुटबॉलचेही संघ घडवले. म्हणून संघांची नावे पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ अशी. हंगामात शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठाच्या पेठा तिकडे लोटतात. आपल्याच शहराचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हा सगळ्या पेठांना तो आपलाच वाटला. विश्वचषक आला की निम्मे शहर ब्राझीलचे आणि निम्मे अर्जेंटिनाचे होते.

सामना सुटल्यावर चहाच्या गाड्यावर आमची पाच-सहा जणांची बैठक बसते. एक एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, त्यांना सगळे काका म्हणतात. एक फरशी बसवणारे मिस्त्री. एक गुऱ्हाळवाले. औषधाच्या दुकानात काम करणारा एक तरुण, एक विमा एजंट, आणि आम्ही. मगरिबची अजान झाली की आम्ही नमाजला जातो आणि परत येतो, तोवर आमचा चहा झाकून ठेवलेला असतो. बोलणे म्हणाल तर असे :

"काय सर, गोल बघितलासा न्हवं?"

"बघितला की. पण तो ऑफसाइड होता."

"ऑफसाइड? सर, चष्म्याचा नंबर वाढलाय तुमचा."

"काका, तुमचा गुडघा कसा आहे ते आधी सांगा."

"गुडघा ऑफसाइड हाय."

एवढेच. यात ज्ञानाची गोष्ट एकही नाही. पण नीट पाहिले तर गोल आणि ऑफसाइड यांच्या मधल्या फटीतून बरेच काही इकडून तिकडे जात असते. काकांचा गुडघा, मिस्त्रींच्या मुलीचा अकरावीचा प्रवेश, उसाचा दर, आमच्या वालिदांचे डोळ्याचे ऑपरेशन. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचे पाणी शहरात शिरले, तेव्हा त्या औषध दुकानातल्या पोराच्या घरातले सामान माडीवर चढवायला हीच मंडळी कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. त्याने मदत मागितली नव्हती. दोन दिवस तो बोलला नाही, एवढेच काकांनी हेरले होते.

याच बोलण्यात आमच्याबद्दलचे प्रश्नही सहज निघतात. २०२२ च्या विश्वचषकात मोरोक्कोने आधी स्पेनला आणि मग पोर्तुगालला हरवून उपांत्य फेरी गाठली. आफ्रिकेतला कोणताही देश त्यापूर्वी तिथवर पोहोचला नव्हता. जिंकल्यावर ते खेळाडू मैदानावर सजद्यात गेले. गुऱ्हाळवाल्यांनी विचारले, "सर, ही सगळी वाकून काय करत्यात?" आम्ही सांगितले, "शुक्र करताहेत. देणारा वरचा आहे, असं म्हणताहेत." ते म्हणाले, "म्हणजे आम्ही गुऱ्हाळ सुरू करताना हात जोडतो तसंच की." त्या एका वाक्याने झाले, ते आमच्या तासाभराच्या भाषणाने झाले नसते.

रमजानमध्ये आम्ही त्यांना इंग्लंडमधली एक हकीकत सांगितली होती. एप्रिल २०२१ मध्ये लेस्टर सिटी आणि क्रिस्टल पॅलेस यांचा सामना चालू होता. लेस्टरचा वेस्ली फोफाना आणि पॅलेसचा शेखू कुयाते, दोघेही रोजादार. अर्ध्या तासाच्या सुमारास चेंडू बाहेर गेला तेव्हा पॅलेसचा गोलरक्षक विसेंते ग्वाइता याने गोलकिक मारण्याआधी थोडा वेळ थांबणे पसंत केले. तेवढ्यात दोघांनी रोजा सोडला. फोफानाने नंतर त्याबद्दल सगळ्यांचे आभार मानले. मिस्त्री ऐकत होते. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मगरिबआधी चहाचा ग्लास हातात घेणे सोडले. आम्ही "अहो, घ्या की" म्हटले, तर म्हणाले, "तो गोलकीपर थांबतो, मग मी पाच मिनिटं थांबलो तर काय बिघडलं?"

वाचकहो, सगळे इतके गोड असते तर हा लेख लिहायची गरज नव्हती.

जून २०२३. मोबाइलवरच्या काही स्टेटसवरून शहरात बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, इंटरनेट बंद झाले. ज्या रस्त्याने रोज शाळेत जायचे तो रस्ता अनोळखी वाटू लागला. आम्ही गाड्यावर जाणे थांबवले. खरे सांगायचे तर भीतीपेक्षा मनात अढी जास्त होती. त्यांनी फोन करावा, आपण का करायचा, असे वाटत होते. तिकडे तेही हेच म्हणत असतील, हे तेव्हा सुचले नाही.

तिसऱ्या दिवशी फोन वाजला. काका होते. त्यांनी ना निषेध केला, ना सांत्वन. म्हणाले, "सर, शनिवारी रात्री फायनल हाय. चहा कुणाकडं?"

आम्ही क्षणभर गप्प राहिलो. मग म्हणालो, "आमच्याकडे."

ती चॅम्पियन्स लीगची अंतिम लढत होती, मँचेस्टर सिटी आणि इंटर मिलान, इस्तंबूलमध्ये. आपल्याकडे रात्री साडेबाराला सुरू झाली. आमच्या गल्लीत इतक्या रात्री काका आणि मिस्त्री चालत आले. गुऱ्हाळवाले गावी अडकले होते. बेगमने कांदाभजी तळली. रॉड्रीच्या एका गोलवर सिटी जिंकली. त्या दोन तासांत शहरात काय झाले याचा कुणी शब्दही काढला नाही. जाताना दारात काका म्हणाले, "वहिनी, भजी झकास." आणि आमच्या खांद्यावर हात ठेवून एवढेच, "येत जावा सर गाड्यावर."

पण आणखी एक गोष्ट सांगितली नाही तर हा लेख खोटा ठरेल. विमा एजंट त्या दिवसांनंतर आला नाही. त्याने मोबाइलवर आम्हा सगळ्यांना एक जहरी मजकूर पाठवला होता. आम्ही त्याला तिखट उत्तर दिले, आणि ते सगळ्यांसमोर दिले. मजकूर चूकच होता. पण त्याला एकट्याला गाठून, चहा पाजून बोलता आले असते. चार महिन्यांनी आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याने पाणी दिले, बसा म्हटले. फुटबॉलचा विषय आम्ही काढला, तो फार बोलला नाही. अजून तो गाड्यावर येत नाही. रस्त्यात भेटला की मान हलवतो. आम्ही प्रयत्न सोडलेला नाही.

आता त्या माउलीला उत्तर. ताई, पोरगा अभ्यास बुडवत असेल तर जरूर रागवा. नमाजची वेळ चुकवत असेल तर हाताला धरून उठवा. पण मित्रांशी बोलतो म्हणून रागावू नका. त्यापेक्षा बोलायचे कसे ते शिकवा. हरलेल्याला त्याच संध्याकाळी डिवचू नये. मित्र दोन दिवस दिसला नाही तर चौकशी करावी. खात्री नसलेला मजकूर पुढे ढकलू नये. चूक सांगायची तर एकांतात सांगावी. हा शेवटचा धडा आम्ही उशिरा शिकलो, त्याने लवकर शिकावा. कुणाशी चांगला शब्द बोलणे हाही सदका आहे, असे आपल्याला आपल्या प्यारे नबी (स.) यांनी शिकवले आहे. तो शब्द फुटबॉलचा असेल, तुमच्या भरतकामाच्या मैत्रिणींतला टाक्याचा असेल, किंवा गच्चीवरच्या मिरचीच्या रोपाचा असेल. काकांचा तो फोन चार शब्दांचा होता, पण तो यायला दहा वर्षांची ऑफसाइडची भांडणे खर्ची पडली होती.

आणि जमले तर त्याच्या मित्रांना एकदा घरी बोलवा. भजी पुष्कळ लागतील, तेवढी तयारी ठेवा.